पार्श्वभूमी : ‘दुष्काळ’ आणि ‘दुष्काळसदृश’

जुनं थोडक्यात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडकडे पाचशेची मारामार. साताऱ्यातले माण-खटाव, सांगलीतले आटपाडी, जत इथली शाळू (रब्बी ज्वारी) परतीच्या पावसावर. तो हुकला की घरातला एक जण मुंबईला गिरणीत नाहीतर माथाडीत, आणि खानापूर-आटपाडीकडचे गलाईला, सोनं-चांदी गाळत देशभर. 1972 ला धान्यच नव्हतं. लोकांनी खडी फोडली, सुकडी आणि लाल मिलो (आयात ज्वारी) खाऊन दिवस काढले. गाव सोडावं लागू नये म्हणून गावाजवळच काम, या रोजगार हमीचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातला. कायदा 1977 चा.

आता रेशनवर धान्य मिळतं. पोटाचा प्रश्न दावणीला गेला. चारा नसला की दूध नाही, दूध नसलं की डेअरीचा दहा दिवसांचा पगार नाही. 2012-13 ला चारा छावणीत जनावरांबरोबर म्हातारी माणसंही ताडपत्रीखाली महिनोन्‌महिने राहिली. हेही स्थलांतरच, फक्त तालुक्यातल्या तालुक्यात म्हणून कुणी मोजलं नाही.

खरा घोळ मोजण्याचाच. पूर्वी आणेवारी (आता पैसेवारी), म्हणजे रुपयात किती पैसे पीक आलं याचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळ. 2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर पावसाची तूट, पावसातला खंड, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ, जमिनीतला ओलावा, भूजल असे निकष आले. ऑगस्ट 2023 हा 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. त्यानंतर ऑक्टोबरअखेर राज्यात 40 तालुके दुष्काळी जाहीर झाले. साताऱ्यातून वाई, खंडाळा. सांगलीतून शिराळा, मिरज, कडेगाव, खानापूर. माण, खटाव, आटपाडी, जत यादीत नाहीत! शिराळ्यात दुष्काळ आणि जतमध्ये नाही, हे चावडीवर कुणाला पटवून सांगणार? पावसाची तूट त्या-त्या तालुक्याच्या सरासरीशी ताडतात. जिथं सरासरीच तुटपुंजी, तिथं तेवढाच तुटपुंजा पाऊस पडला तरी तूट दिसत नाही. ओरड झाल्यावर नोव्हेंबरात राज्यातली आणखी 1021 महसूल मंडळं (तालुक्यातले गावांचे गट) ‘दुष्काळसदृश’ ठरली. वीजबिल, परीक्षा शुल्क, कर्जाचं पुनर्गठन अशा सवलती मिळाल्या, पण शब्द ‘सदृश’च राहिला. कोणत्याच निकषात किती घरांना कुलूप लागलं याचा रकाना नाही.

हवामान बदललं म्हणजे नुसता पाऊस कमी झाला, असंही नाही. 2019 च्या उन्हाळ्यात आटपाडी-जतला चारा छावण्या होत्या आणि ऑगस्टात सांगली शहर कृष्णेच्या पुरात. जिल्हा एकच.

टेंभू-म्हैसाळ योजनांचं, कृष्णेतून उपसलेलं पाणी जिथं पोचलं तिथं डाळिंब, द्राक्षं उभी राहिली. जतचा पूर्वभाग वाट बघत राहिला. 2012 ला तिथल्या सीमेवरच्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला. म्हणजे माणसं गाव सोडायच्या ऐवजी गावंच राज्य सोडायला निघाली. 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकाने त्याच ठरावाचा हवाला देऊन जतवर हक्क सांगितला, तेव्हा कुठे मुंबईत या गावांची नावं ऐकू आली.