मोठ्या प्रोग्रॅमच्या बिल्डमधील मेमरीटंचाई

मोठा प्रोग्रॅम बिल्ड करताना, म्हणजे कोडच्या फाइलींपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करताना, रॅम अपुरी पडून कंपाइलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) मध्येच बंद पडणे, ही एक अडचण आहे. बेळगाव सीमाभागात ती विशेषतः इंजिनिअरिंगच्या मुलांच्या वाट्याला येते. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय बेळगावातच आहे. निपाणी-खानापूरहून येऊन बेळगावच्या टिळकवाडीत खोली घेतलेल्या मुलाकडे अनेकदा ४ जीबीचा जुना लॅपटॉप असतो.

लक्षण ठरलेले आहे. अर्धा-पाऊण तास ओळी सरकत राहतात, मग माउस जागचा हलेनासा होतो आणि शेवटी पडद्यावर 'किल्ड' हा शब्द उमटतो, सोबत सीसी१प्लस हे सी++ कंपाइलरचे नाव. मुलगा रात्रभर आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो, पण चूक तिथे नसतेच. मेमरी संपल्यावर लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याने, सिग्नल ९ (तत्काळ बंद पाडणारा संदेश) पाठवून कंपाइलर मारलेला असतो. कर्नलच्या नोंदी दाखवणारा डीमेसग आदेश दिला की ती नोंद दिसते. मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरवर हेच दुखणे सी१०६० या त्रुटी-क्रमांकाने येते.

कारण साध्या गुणाकाराचे आहे. मेक हा बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम; 'मेक -जे४' म्हटले की चार कंपाइलर एकदम चालतात. टेम्प्लेटांनी (कंपाइलर ज्यांपासून आणखी कोड तयार करतो अशा साच्यांनी) भरलेल्या सी++ फाइलला १ जीबी लागत असेल, तर ४ जीबी तिथेच संपले. म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा: 'मेक -जे१'. वेळ लागतो, पण काम तडीस जाते. आधी झालेल्या ऑब्जेक्ट फाइली (प्रत्येक कोड-फाइलचे कंपाइल झालेले रूप) शाबूत असल्याने बिल्ड थांबला तिथून पुढे सुरू होतो. पावसाळ्यात वीज जाऊन डेस्कटॉप बंद पडला, तर मात्र शेवटची ऑब्जेक्ट फाइल अर्धवट राहिलेली असू शकते. तिची वेळ ताजी असल्याने मेक ती पूर्ण समजतो. ती पुसूनच पुढे जावे. नवा लॅपटॉप घे, असा सल्ला सर्रास दिला जातो. हे करून पाहण्याआधी तो देणे घरच्यांवर अन्याय आहे.

एकट्या फाइललाही रॅम पुरेना, तर स्वॅप, म्हणजे रॅमला पूरक म्हणून वापरली जाणारी डिस्कवरची जागा, वाढवावी. हार्ड डिस्कवर ती रखडते, एसएसडीवर निभते. त्या फाइलपुरते ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्याचे कंपाइलरचे काम) कमी करता येते. फाइल स्वतःची असेल तर तिचे तुकडे करणे हा खरा इलाज.

लिंकिंगचा, म्हणजे ऑब्जेक्ट फाइली जोडून एक प्रोग्रॅम करण्याचा, हिशेब वेगळा. डिबग माहिती (चुका शोधताना लागणारी जादा माहिती) ठेवली असेल तर लिंकर कंपाइलरपेक्षाही जास्त मेमरी खाऊ शकतो. एलएलव्हीएम या मोठ्या कंपाइलर-प्रकल्पाच्या बिल्डमध्ये तर एका वेळी किती लिंक चालवायच्या, हे ठरवण्याची स्वतंत्र सोय आहे. कंपाइलर ३२-बिट असेल तर रॅम कितीही घाला, एका प्रक्रियेला ४ जीबीच्या पुढे जाता येत नाही. तिथे ६४-बिट आवृत्तीच बसवावी लागते.