वजनं उचलली की चपळाई जाते?

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर संध्याकाळी खो-खोचा सराव बघत उभं राहा, कुणीतरी काका हमखास सांगतील, "पोराला जिमला पाठवू नका, अंग जड होईल." पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा सल्ला चुकीचा आहे.

संरक्षक हूल कशी देतो ते पाहा. पूर्ण वेगात असताना पुढचा पाय मातीत रोवतो, गुडघा वाकतो, कंबर खाली येते, माती उडते आणि क्षणात शरीर उलट दिशेला. त्या एका पावलावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. तो झेलायला मांडी आणि नितंबाचे स्नायू ताणले जात असतानाही ताकद लावू शकले पाहिजेत. म्हणजे चपळाईत आधी ब्रेक, मग वेग. ब्रेक कमजोर असेल तर खेळाडू दोन-तीन पावलं जास्त घेतो आणि तिथेच बाद होतो.

हिशेब आहे तो शरीराच्या वजनाच्या मानाने ताकदीचा. चरबी वाढली तर ती ओझंच. स्नायू बेसुमार फुगवून पळणं सोडलं, तरी चपळाई घटेल. पण ते काही आठवड्यातून दोनदा बैठका मारून होत नाही! घोट्याची लवचिकताही लागते. घोटा आखडला की गुडघा नीट वाकत नाही.

बाकी समोरच्याचा खांदा कुठे वळतोय हे हेरणारी नजर जिममध्ये मिळत नाही. त्यासाठी मैदानच.