कॅथलिक माणूस ब्रिटनचा पंतप्रधान होऊ शकत नाही?

ही समजूत जुनी आहे. टोनी ब्लेअर पंतप्रधानपद सोडल्यावर, 2007च्या डिसेंबरात कॅथलिक झाले, तेव्हा तिला आणखी जोर चढला. पण असा कायदा नाही.

धर्माची अट आहे ती राजाला. 1701च्या कायद्यानुसार गादीवर कॅथलिक बसू शकत नाही. 2013च्या कायद्याने कॅथलिक जोडीदाराला मोकळीक दिली, राजाला नाही. हीच अट लोकांनी पंतप्रधानाला चिकटवली असावी.

गोंधळाला थोडा आधारही आहे म्हणा. 1829च्या ज्या कायद्याने कॅथलिकांना संसद खुली केली, त्यातच एक कलम आहे: चर्च ऑफ इंग्लंडमधील (इंग्लंडच्या अधिकृत, प्रोटेस्टंट चर्चमधील) नेमणुकांबाबत कॅथलिक व्यक्तीने राजाला सल्ला द्यायचा नाही; एरवी हा सल्ला पंतप्रधान देतो. बंदी तेवढ्या कामापुरती, पदावर नाही. बोरिस जॉन्सन यांनी 2021मध्ये, पंतप्रधान असतानाच, लंडनच्या कॅथलिक कॅथीड्रलमध्ये लग्न केले आणि खुर्ची शाबूत राहिली!

जन्मस्थानाची अटही नाही. जॉन्सन न्यूयॉर्कचे, जुने पंतप्रधान बोनार लॉ आजच्या कॅनडातले. इतकेच काय, ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा परवाना असलेला भारतीय नागरिकसुद्धा खासदारकी लढवू शकतो.