पोटातली गाठ आणि दीनदयाळ कार्ड: ऑपरेशनआधी कोणते कागद जुळवायचे

माझ्या आतेच्या पोटात डाव्या बाजूला गाठ लागायची. कूस बदलली की तीही सरकायची. तीन महिने ओव्याचं पाणी पिऊन झालं. मग म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात, ज्याला सगळे अजून आझिलोच म्हणतात, सोनोग्राफी झाली आणि पुढे बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, सीटी स्कॅन. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यात, म्हणजे मेसेंटरीत, पाण्याची गाठ निघाली. दुर्मीळ दुखणं आहे हे. इस्पितळात दाखल होणाऱ्या सुमारे एक लाख मोठ्या माणसांत एखाद्याला होतं.

कागदांकडे वळण्याआधी एक गोष्ट. सुई घालून पाणी काढून टाका, असा सल्ला शेजारीपाजारी हमखास मिळतो. मेसेंटरीतली गाठ अशाने पुन्हा भरते. आणि ती हायडॅटिडची, म्हणजे कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या जंताची असली, तर तयारीशिवाय सुई टोचल्यावर आतलं पाणी पोटात सांडून जिवावर बेतू शकतं. म्हणून शंका असली की हायडॅटिडची रक्ततपासणी आधी. तो रिपोर्ट फाईलमध्ये वरच ठेवा.

आता कार्ड. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना ही गोवा सरकारची आरोग्य विमा योजना, २०१६ पासून आहे. गोव्यात किमान पाच वर्षं राहणाऱ्या कुटुंबाला ती मिळते, उत्पन्नाची अट नाही. सरकारी वैद्यकीय सवलत असलेले कर्मचारी यात बसत नाहीत. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं संरक्षण, नोंदणीचे २०० रुपये. चार किंवा जास्त माणसांना चार लाख आणि ३०० रुपये. सत्तरी ओलांडलेल्यांनी केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढावं.

नोंदणीला प्रत्येकाचं आधार, रहिवासाचा पुरावा आणि रेशनकार्ड जवळ ठेवा. कार्डाची मुदत मात्र बघा. नूतनीकरण राहून गेलेलं कार्ड दाखल होण्याच्या दिवशीच सापडतं, हा घरोघरचा अनुभव.

आमचं अडलं ते नावावर. आतेच्या आधारवर माहेरचं नाव, कार्डावर सासरचं. चूक आमचीच, वीस वर्षं कुणी बदललंच नव्हतं. शेवटी लग्नाच्या दाखल्यावर काम निभावलं. तुमच्याकडे अशा दोन नावांच्या बाया असतील तर हा दाखला आजच शोधून ठेवा.

खासगी इस्पितळात जायचं तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: इस्पितळ योजनेत आहे का, आणि हीच शस्त्रक्रिया तिथे योजनेतून होते का? पूर्वमंजुरीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी, स्कॅनचा रिपोर्ट आणि कार्ड लागतं. चिठ्ठीवर नुसतं ‘पोटात गाठ’ नको. गाठ कुठे आहे आणि काय करणार, हे लिहून घ्या. गाठ अख्खी सोडवून काढणं हाच खरा उपाय, पण ती आतड्याला किंवा त्याच्या रक्तवाहिन्यांना घट्ट चिकटली असली तर आतड्याचा तेवढा तुकडाही काढावा लागतो. तसं झालं तर मंजुरीचं काय, हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच योजनेच्या काउंटरवर विचारा.

काढलेली गाठ बायोप्सीला जाते. तो रिपोर्ट डिस्चार्जनंतर येतो, आणि माणसं टाके काढले की तो आणायला विसरतात. आतेचा मी स्वतः जाऊन आणला. साधीच गाठ होती.