देणं फेडलं म्हणून मटका सुटत नाही

खानापूर, निपाणीकडं पोरगं मटक्यात बुडालं की घरचे म्हैस विकून देणं फेडतात आणि लगोलग लग्न लावून देतात. "जबाबदारी पडली की सुटतंय बघ," हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. हा समज खोटा आहे.

देणं फिटलं की तगादा थांबतो, ओढ थांबत नाही. उलट उधारीचं दार पुन्हा उघडतं. माझ्या चुलतभावाच्या खिशात लग्नानंतर दोनच महिन्यांनी मटक्याचे ओपन-क्लोजचे आकडे लिहिलेली चिठ्ठी सापडली. तोवर वहिनीच्या पाटल्या गेल्या होत्या.

जुगाराची ही ओढ हा आजार आहे. अमेरिकन मानसोपचार वर्गीकरणात २०१३ पासून तो दारूच्या व्यसनाच्याच गटात आहे. हरलेलं परत मिळवायला पुन्हा खेळणं, हे त्याचं ठळक लक्षण. सोबत नैराश्य, झोपमोड, दारू, कधी आत्महत्येचे विचार; म्हणून पोराला एकटं पाडू नका. (कंपवाताच्या काही गोळ्यांनीही अशी ओढ लागते. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.)

उपचार आहेत: विचार आणि सवयी बदलणारं समुपदेशन, काहींना नाल्ट्रेक्सोन हे ओढ कमी करणारं औषध. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. तोवर घरातली रोकड आणि एटीएम कार्ड दुसऱ्या कुणाकडं तरी ठेवा.