लंडनच्या दोन सिट्या: एकीकडे मत घराला, दुसरीकडे खुर्चीलाही

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी लंडनच्या रस्त्यांवरून १७५७ साली बनवलेली सोनेरी बग्गी निघते. आत लाल झगा घातलेले लॉर्ड मेयर लोकांना हात करत बसलेले असतात. आपल्याकडे हा व्हिडिओ ‘लंडनच्या महापौरांची मिरवणूक’ म्हणून फिरतो आणि मग कुणीतरी विचारतंच, यात सादिक खान कुठे दिसत नाहीत ते? प्रश्न रास्त आहे. सादिक खान अख्ख्या लंडनचे मेयर. हे पदच मुळात २००० साली जन्माला आलं आणि त्यांनी २०१६, २०२१ आणि २०२४ अशा तीन निवडणुका जिंकल्या. बग्गीतला लॉर्ड मेयर असतो तो ‘सिटी ऑफ लंडन’ नावाच्या जेमतेम तीन चौरस किलोमीटरच्या तुकड्याचा.

इतकं बऱ्याच जणांना माहीत असतं. घोळ होतो तो पुढे. या तुकड्याला पश्चिमेकडून खेटून ‘सिटी ऑफ वेस्टमिन्स्टर’ आहे. संसद, बकिंगहॅम राजवाडा, ऑक्सफर्ड स्ट्रीट, पॅडिंग्टन स्टेशन हे सगळं तिच्यात. तीही सिटी, तिलाही लॉर्ड मेयर, तिथेही वॉर्ड, तिथेही दर चार वर्षांनी निवडणूक. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात. मतदार कोण, एवढं एकदा विचारलं की त्या दोन वेगळ्या जगांतल्या संस्था आहेत हे कळतं.

वेस्टमिन्स्टर समजायला सोपी. लंडनमध्ये ३२ बरो आहेत. बरो म्हणजे शाळा, कचरा, रस्ते, सरकारी घरं, बांधकाम परवानग्या पाहणारी स्थानिक संस्था. बरोचं वजन मराठी माणसाला एकदा चांगलंच जाणवलं आहे. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, तिथे स्मारक केलं आणि कॅमडेन बरोने त्या वापराला परवानगी नाकारली. प्रकरण चौकशीपर्यंत गेलं आणि २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्याने हिरवा कंदील दाखवला तेव्हा कुठे सुटलं. वेस्टमिन्स्टर ही याच जातीची संस्था, फक्त तिला सिटीचा मान आहे. हा मान १५४० सालचा, तिथे बिशपची गादी आली तेव्हाचा. गादी दहा वर्षांत गेली, नाव राहिलं. आजचं कौन्सिल मात्र १९६३ च्या कायद्याने घडलं. जुनं वेस्टमिन्स्टर, पॅडिंग्टन आणि सेंट मेरिलबोन हे तीन बरो एकत्र करून १९६४ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि १ एप्रिल १९६५ पासून कारभार सुरू झाला. लॉर्ड मेयर हा किताब १९६६ चा. नगरसेवकच आपल्यातून एकाला वर्षभरासाठी तिथे बसवतात, काम फिती कापण्याचं. म्हणजे आपल्या महापौरासारखंच. खरा कारभारी बहुमतवाल्या पक्षाचा नेता, ज्याला तिथे कौन्सिलचा लीडर म्हणतात.

वस्ती सुमारे दोन लाख. जो तिथे राहतो त्याला मत, एवढा साधा हिशोब.

सिटी ऑफ लंडन कायद्याने बरो नाहीच. ३२ बरोंच्या यादीत तिचं नाव शोधू नका, ती तेहतिसावी आणि वेगळी. राजा जॉनने १२१५ मध्ये दरवर्षी आपला मेयर निवडण्याची सनद दिली, तेव्हापासून हे चाललं आहे. १८३५ मध्ये इंग्लंडभरच्या नगरपालिका सुधारल्या, सिटी सुटली. १८८८, १८९९, १९६३, दर वेळी लंडनचा नकाशा नव्याने आखला गेला आणि दर वेळी सिटी तशीच राहिली. स्वतःचं पोलीस दल सांभाळणारी, हॅम्पस्टेड हीथ आणि एपिंग फॉरेस्टसारखी हद्दीबाहेरची मैदानं आणि जंगलं चालवणारी अशी ही संस्था आहे. २०२१ च्या जनगणनेत तिथले रहिवासी होते साडेआठ हजारांच्या आसपास. एखाद्या आडगावच्या ग्रामपंचायतीएवढे! पण रोज सकाळी तिथे कामाला येणारे सहा लाखांवर.

आता एवढ्याशा रहिवाशांच्या मतांवर जगातल्या बड्या बँकांच्या गल्ल्यांचा कारभार चालवायचा का? सिटीचं उत्तर आहे, नाही. तिथे धंद्यालाही मत आहे. पूर्वी हे इंग्लंडभर होतं. जागा भाड्याने घेऊन धंदा करणाऱ्याला स्थानिक निवडणुकीत मत असे. १९६९ च्या कायद्याने ते सगळीकडून काढलं, सिटीत ठेवलं. तिथेही गंमत अशी की मत होतं ते एकट्या धंदेवाल्याला आणि भागीदारीतल्या भागीदारांना. वकिलांच्या फर्ममधले भागीदार मत देत आणि शेजारच्या बलाढ्य बँकेला, ती मर्यादित कंपनी म्हणून, एकही मत नसे. २००२ च्या कायद्याने ही दरी बुजवली आणि कंपन्यांनाही मतदार नेमायचा हक्क दिला.

नेमायचा कसा, ते बारकाईने बघण्यासारखं आहे. नऊपर्यंत कर्मचारी असतील तर एक मतदार. दहा ते पन्नास असतील तर दर पाचांमागे एक. पन्नासच्या पुढे गेलात की दहा मतदार पक्के, आणि वरच्या दर पन्नासांमागे आणखी एक. म्हणजे वीस जणांच्या कचेरीला चार मतदार, पाचशे जणांच्या कंपनीला एकोणीस, साडेतीन हजारांच्या बँकेला एकोणऐंशी. प्रमाण नीट पाहिलंत तर लक्षात येईल की लहान कचेरीचा माणूस इथे जास्त वजनाचा आहे. मोठ्या बँकेने साऱ्या सिटीवर कब्जा करू नये म्हणून मुद्दाम केलेली ही तजवीज. आपले मतदार कोण, हे कर्मचारी मतदान करून ठरवत नाहीत. कंपनी नावं पाठवते. त्यांत एकूण कर्मचाऱ्यांचं प्रतिबिंब पडावं असं कायदा सांगतो, आणि मतदान अर्थातच गुप्त.

हे ऐकून इंग्रज मित्र कानाला हात लावतात. महाराष्ट्रातल्या माणसाला मात्र यात फार नवल वाटू नये. जिल्हा मध्यवर्ती बँकेची निवडणूक आठवा. गावची विकास सोसायटी ठराव करते, अमक्याच्या नावाने, आणि तो अमका जाऊन सोसायटीचं मत टाकतो. निवडणुकीआधी ठराव कुणाच्या नावाने होतो यावरच अर्धी लढाई ठरते. सिटीत ठराव बँका, विमा कंपन्या आणि वकिलांच्या फर्म करतात, एवढाच फरक.

सिटीत २५ वॉर्ड. त्यांतून १०० साधे सभासद निवडले जातात आणि प्रत्येक वॉर्डातून एक असे २५ ऑल्डरमन. त्यांची सभा म्हणजे कोर्ट ऑफ कॉमन कौन्सिल. क्रिपलगेट, ऑल्डर्सगेट, पोर्टसोकन आणि क्वीनहाइद हे चार वॉर्ड खऱ्या अर्थाने रहिवाशांचे. बार्बिकनचे उंच काँक्रीटचे मनोरे पहिल्या दोघांत येतात. बाकीच्या वॉर्डांत नेमलेल्यांचंच राज्य. उमेदवार बहुतेक अपक्ष, काही वॉर्ड बिनविरोध आणि पक्षांचे झेंडे जवळजवळ नाहीत. लेबरने २०१७ मध्ये पाच जागा काढल्या तर त्याची बातमी झाली, यावरून काय ते समजा. सत्तापालट नावाची गोष्टच तिथे नाही, कारण कुणाची सत्ता हेच सांगता येत नाही. त्यातल्या त्यात पॉलिसी अँड रिसोर्सेस समितीचा अध्यक्ष हा पुढारी. निवडणूक मार्चमध्ये होते. २०२१ ची कोविडमुळे २०२२ वर गेली आणि पुढची पुन्हा जुन्या वेळापत्रकाने मार्च २०२५ मध्ये झाली.

आणि लॉर्ड मेयर? तो तर रहिवासी निवडत नाहीत, कंपन्यांचे मतदारही नाहीत. सोनार, शिंपी, मासळीवाले अशा जुन्या धंद्यांच्या नावाने चालणाऱ्या शंभरावर लिव्हरी कंपन्या आहेत. त्यांचे सभासद मायकेलमसच्या सुमाराला, म्हणजे सप्टेंबरअखेर, गिल्डहॉलमध्ये जमतात आणि आधी शेरिफ (सिटीतलं एक जुनं मानाचं पद) राहिलेल्या ऑल्डरमनांतून नाव पुढे करतात. नाव आधीच ठरलेलं असतं. पहिली बाई त्या जागी आली ती १९८३ मध्ये, मेरी डोनाल्डसन.

निवडणुकीचा इतिहास म्हणून रंगतदार वेस्टमिन्स्टरचाच आहे, आणि तो वाचताना सिटीची पद्धत डोळ्यांसमोर ठेवली तर जास्त खुपतो. १९६४ पासून २०२२ पर्यंत हे कौन्सिल कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा बालेकिल्ला. एकदाच पाया हलला, १९८६ मध्ये. कॉन्झर्व्हेटिव्ह ३२, लेबर २७, एक अपक्ष. लीडर होत्या शर्ली पोर्टर, टेस्को या सुपरमार्केट साखळीचे संस्थापक जॅक कोहेन यांची मुलगी. पुढची निवडणूक १९९० ची. तोवर काय करायचं? मतदारांचं मन वळवणं हा एक मार्ग. पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा धरला: मतदारच बदलायचे.

थोड्या मतांनी निकाल फिरू शकेल असे काठावरचे आठ वॉर्ड निवडले गेले. तिथली कौन्सिलची घरं भाडेकरू गेला की पुन्हा भाड्याने द्यायची नाहीत, विकायची. घर विकत घेणारा कॉन्झर्व्हेटिव्हना मत देण्याची शक्यता जास्त, हा त्यामागचा हिशोब. रिकाम्या घरांत कुणी घुसू नये म्हणून त्यांना पोलादी दारं ठोकली. एकीकडे बेघर कुटुंबं रांगेत आणि दुसरीकडे ही बंद घरं. काही बेघर कुटुंबांना हर्मीस पॉइंट आणि चँट्री पॉइंट या ॲस्बेस्टॉस असलेल्या टॉवरमध्ये ठेवलं गेलं. धोरणाला नाव मात्र छान होतं, ‘बिल्डिंग स्टेबल कम्युनिटीज’, म्हणजे स्थिर वस्त्या घडवणं. लोक त्याला म्हणाले ‘होम्स फॉर व्होट्स’. याच काळात, १९८७ मध्ये, कौन्सिलने आपल्या तीन दफनभूमी एकूण १५ पेन्सना विकल्या. पौंड नव्हे, पेन्स.

१९९० मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह ४५, लेबर १५. या विजयाचं सगळं श्रेय घरविक्रीला देणं मला पटत नाही. त्या वर्षी वेस्टमिन्स्टरमधला पोल टॅक्स, म्हणजे दर माणशी बसणारा स्थानिक कर, मुद्दाम खूप कमी ठेवला होता आणि त्याचाही वाटा होता. पण हेतू काय होता ते लेखापरीक्षक जॉन मॅगिल यांनी कागदपत्रांतून बाहेर काढलं. १९९६ मध्ये त्यांनी नुकसानीची जबाबदारी पोर्टर आणि सहकाऱ्यांवर टाकली. प्रकरण खालीवर होत हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं आणि डिसेंबर २००१ मध्ये निकाल लागला: सार्वजनिक मालमत्ता पक्षाच्या निवडणूक फायद्यासाठी वापरणं बेकायदा. व्याजासह रक्कम चार कोटी पौंडांच्या वर गेली होती. २००४ मध्ये तडजोड होऊन १ कोटी २३ लाख पौंड भरले गेले.

दोन्ही सिट्या शेजारी ठेवल्या की दिसतं ते हे. वेस्टमिन्स्टरमध्ये मत घराला चिकटलेलं आहे, म्हणून कुणाला कुठे घर मिळतं यात हात घालणं म्हणजे मतदारयादीत हात घालणं, आणि न्यायालयाने ते तसंच मानलं. टेंपल बार या वेशीच्या पलीकडे, सिटी ऑफ लंडनमध्ये, मात्र मतदार कोण असावा हे कंपनीने ठरवणं हीच कायदेशीर रीत. मला विचाराल तर सिटीची पद्धत काही लोकशाहीचा नमुना नाही. पण ती लपूनछपून चालत नाही, आकडे कायद्यात लिहिलेले आहेत. पोर्टर यांच्या कारभारात जे खटकतं ते नेमकं तिथे नाही.

घोटाळ्यानंतरही वेस्टमिन्स्टर कॉन्झर्व्हेटिव्हांकडेच राहिलं, हेही सांगायला हवं. २०१८ मध्ये ४१ विरुद्ध १९. मग २०२१ मध्ये मार्बल आर्चजवळ एक कृत्रिम टेकडी उभारली गेली. कोविडनंतर गर्दी परत यावी म्हणून. हिरवळ सुकलेली, वरून पाहायला फारसं काही नाही आणि खर्च साठ लाख पौंडांच्या घरात. उपनेत्याला राजीनामा द्यावा लागला. मे २०२२ मध्ये, जागा ६० वरून ५४ झालेल्या, लेबर ३१ आणि कॉन्झर्व्हेटिव्ह २३. कौन्सिल जन्मल्यापासून पहिल्यांदा लेबरकडे. टेकडीने सत्ता घालवली असं म्हणणं अति होईल, पण प्रचारात ती होतीच.

संसदेच्या निवडणुकीत सिटी ऑफ लंडन आणि वेस्टमिन्स्टरचा दक्षिणेकडचा भाग एकाच मतदारसंघात येतात, ‘सिटीज ऑफ लंडन अँड वेस्टमिन्स्टर’. तिथे कंपन्यांना मत नाही. हा मतदारसंघ १९५० पासून कॉन्झर्व्हेटिव्हांचा होता, २०२४ मध्ये तोही लेबरने जिंकला.

आता पुण्याहून नोकरीसाठी गेलेल्या आणि वेस्टमिन्स्टरमधल्या मेडा व्हेलमध्ये भाड्याने राहून सिटीतल्या बिशप्सगेटच्या बँकेत जाणाऱ्या माणसाचं काय? भारत राष्ट्रकुलात असल्याने कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्या भारतीयाला तिथे मत आहे, हे अनेकांना ठाऊकच नसतं. नाव नोंदवलं की तो मे महिन्यात वेस्टमिन्स्टर कौन्सिलसाठी मत देतो, सादिक खान यांच्या पदासाठी देतो, संसदेसाठीही देतो. शिवाय बँकेने नेमलं तर मार्चमध्ये सिटीतही दुसरं मत टाकतो आणि त्यात काही गैर नाही, कारण संस्था दोन वेगळ्या. वेस्टमिन्स्टरच्या यादीत नाव तो स्वतः घरबसल्या घालू शकतो. सिटीच्या यादीसाठी, बँकेत वर्षभर काम झालेलं असेल, तर त्याला एचआरचं दार वाजवावं लागेल.