प्रथिनांचे सच्छिद्र खनिजांवरील अधिशोषण

द्रावणातील प्रथिने खनिजाच्या पृष्ठभागावर धरून ठेवायची (हेच अधिशोषण), बाकीचे धुऊन काढायचे आणि मग त्यांना पुन्हा सोडवून घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. बेंटोनाइट, केओलिन, सिलिका व हायड्रॉक्सिॲपेटाइट ही त्यासाठी नेहमी वापरली जाणारी द्रव्ये. प्रथिन चिकटवणे सहसा सोपे असते. ते शाबूत परत मिळवण्यात खरा कस लागतो.

अंड्याच्या पांढऱ्या बलकातील लायसोझाइम हे याचे उत्तम उदाहरण. बलकातील एकूण प्रथिनांत त्याचा वाटा जेमतेम ३ ते ४ टक्के. पण त्याचा समविद्युत् बिंदू, म्हणजे ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण भार शून्य होतो तो, पीएच ११ च्या आसपास असल्याने बलकात ते धनभारित असते, तर सर्वाधिक प्रमाणात असलेले ओव्हाल्ब्युमिन ऋणभारित. बेंटोनाइट मातीवर ऋणभार असतो. १९४५ मध्ये अमेरिकेत ॲल्डर्टन, वॉर्ड आणि फेव्होल्ड यांनी बलकात ही माती ढवळली, तेव्हा लायसोझाइम मातीवर बसले आणि ओव्हाल्ब्युमिन द्रवातच राहिले. माती धुऊन, पीएच ५ ला आणलेल्या पिरिडीन या सेंद्रिय क्षाराच्या ५ टक्के द्रावणाने त्यांनी लायसोझाइम सोडवले. या पीएचलाही लायसोझाइम धनभारितच असते. म्हणजे नुसते आम्ल वाढवून काम झाले नसते, मातीवरची जागा घेणारे दुसरे धन आयन हवेच होते.

बेंटोनाइटमधील मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. दख्खनची काळी रेगूर जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते ती याच गटातील खनिजांमुळे. त्याचे थर सुमारे १ नॅनोमीटर जाडीचे असतात आणि पाणी शिरले की एकमेकांपासून दूर सरकतात, त्यामुळे प्रथिनालाही मध्ये वाव मिळतो. झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे तसे नाही. त्याची छिद्रे बहुधा १ नॅनोमीटरहून लहान व ताठ असतात. ३-४ नॅनोमीटरचे लायसोझाइम आत जाऊच शकत नाही. म्हणून पृष्ठफळाचा मोठा आकडा पाहून खनिज निवडणे फसवे ठरते. प्रथिनाला पोचता येईल तेवढेच पृष्ठफळ कामाचे.

१९२० च्या दशकात जर्मन रसायनज्ञ रिखार्ट व्हिलश्टेटर यांनी ॲल्युमिना व केओलिन वापरून विकरे (एन्झाइम) शुद्ध केली. द्रावणे इतकी विरल झाली की प्रथिनांच्या तेव्हाच्या चाचण्यांना ती दाद देईनात, आणि विकरे प्रथिने नसतात असा चुकीचा निष्कर्ष त्यांनी काढला. १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी युरिएज या विकराचे स्फटिक मिळवून ते प्रथिनच असल्याचे दाखवून दिले.

हाडे व दात ज्याचे बनतात त्या हायड्रॉक्सिॲपेटाइटचा स्तंभ (खनिज भरलेली उभी नळी) १९५६ मध्ये स्वीडनच्या टिसेलिउस, यर्टेन व लेव्हिन यांनी प्रचारात आणला. आम्लधर्मी प्रथिने त्यातील कॅल्शियमला, तर क्षारधर्मी प्रथिने फॉस्फेटला धरतात. फॉस्फेट द्रावणाची तीव्रता हळूहळू वाढवली की ती एकेक करून सुटतात, तीही सौम्य परिस्थितीत. प्रतिपिंडांच्या शुद्धीकरणात हा स्तंभ आजही टिकून आहे तो यामुळेच. मात्र आम्लात हे खनिज स्वतःच विरघळू लागते.

व्हाइट वाइन गढूळ करणारी प्रथिने काढायलाही बेंटोनाइटच घालतात. तिथे प्रथिन परत मिळवायचे नसते, ते गाळाबरोबर टाकून दिले जाते. माती जास्त पडली तर स्वादही जातो, म्हणून आधी थोड्या वाइनवर मात्रा ठरवून घेतात.